म्हाळसाबाईची मायाक्का

सोलापुरात गिरणीच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या खोल्यांची एक वस्ती होती. तिथं म्हाळसाबाईला सगळे ओळखत आणि जरा बिचकूनही असत. बाई वाईट नव्हती. कुणाच्या घरी बाळंतीण अडली तर पहिली धावून जाणारी तीच. पण स्वभाव विलक्षण संशयी. गवळ्यानं दूध घातलं की थेंब नखावर धरून बघायची. वाण्यानं ज्वारी मापली की मापाच्या बुडाशी हात घालून चाचपायची. नवरा धुळाप्पा हसत म्हणायचा, "हिला देव जरी भेटला तरी ही इचारंल, तू कंच्या गावचा, आन तुला वळकनारं हितं कोन हाय?"

त्याला हसायला काय जातं! ह्या स्वभावाचं मूळ त्याच्याच लग्नात होतं. दोनशे मेंढरांचा धनी म्हणून जो नवरा तिला सांगितला, तो दुसऱ्याची दोनशे मेंढरं राखणारा निघाला. माणूस सोन्यासारखा निघाला ते तिचं नशीब. पण लोक सांगतात एक आणि असतं दुसरंच, हे तेराव्या वर्षी तिच्या मनात जे बसलं ते बसलंच. पुढं दुष्काळ पडला, माळावर चारा उरला नाही, तेव्हा दोघं सोलापुरात आली. धुळाप्पा गिरणीत मागावर लागला, ती सूत गुंडाळायच्या रिळाच्या खात्यात. बरोबर धुळाप्पाची थोरली विधवा बहीण गोजाबाई होती. घर ती सांभाळायची. बोलणं कमी, काम फार. कमरेला एक पितळी डबी खोचलेली असायची, तीत मिसरी.

दोन लेकी झाल्या, वाढल्या, नांदायला गेल्या. म्हाळसाबाईला वाटलं, आपली कूस आता मिटली. आणि एकोणीसशे पंचवीसच्या अखेरीस, तिच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, पुन्हा दिवस राहिले. लेकीच्या वयाच्या पोरी रिळावर शेजारी बसायच्या, त्यांच्यादेखत पोट मिरवायची तिला लाज वाटे.

सव्वीसच्या आखाडात मुलगी झाली. बाळंतपण गोजाबाईनंच केलं. नाळ कापली, पोर पुसली आणि मग एक गोष्ट केली. पोरीला घेऊन ती दाराशी उजेडात गेली. पोरीची मूठ उघडून तळहात पाहिला. मग दुसरा. मग पाय पालथे करून बोटं पाहिली. बराच वेळ पाहत उभी राहिली.

बाजेवरून म्हाळसाबाईनं हे सगळं टिपलं. "काय बगताय वन्सं?"

"कुटं काय. पोरगी हाय."

"त्ये तर मगाशीच सांगितलं की. मग आता काय बगताय?"

गोजाबाई दारातून बाजेपाशी आली. पोर आणून तिच्या कुशीत ठेवली आणि म्हणाली, "छातीशी धर. घट धर."

पोरीचं नाव कुलदेवीवरून मायाक्का ठेवलं. रंगानं उजळ, डोळे बारीक, कोपऱ्याला वर चढलेले. अंग लोण्याच्या गोळ्यासारखं. उचललं की हातातून ओघळेल असं वाटायचं. जिभेचं टोक नेहमी ओठाबाहेर. वस्तीतल्या बाया म्हणायच्या, गुणाची आहे गं, रडत म्हणून नाही. म्हाळसाबाईलाही आधी बरं वाटलं. दोन महिन्यांनी भोंग्याबरोबर उठून ती पुन्हा गिरणीत जाऊ लागली आणि पोर गोजाबाईकडे राहिली.

शेजारच्या खोलीत अक्कम्मा राहायची. तेलुगू साळ्याची बाई, घरात हातमाग. एकदा पाणी भरताना ती सहज बोलून गेली, "म्हाळसाबाई, तुमचं पोरगी लई गप असतंय. माझं पोरं इतकं होतं तवा पत्रा फाडायचं. दिवसभर झोपून असतंय ते. गोळी-बिळी देतंय काय तुझं नणंद?"

गोळी म्हणजे अफूची. गिरणीत जाणाऱ्या कितीतरी आया मोहरीएवढी गोळी पोराच्या जिभेला लावून निघत. पोर संध्याकाळपर्यंत निपचित पडे. म्हाळसाबाईनं स्वतःच्या लेकींना ती कधी दिली नव्हती. तिच्या समोरच्या खोलीतलं एक पोर असंच झोपेत गेलेलं तिनं पाहिलं होतं.

घागर तिथंच राहिली. ती घरात आली. पोर झोपलेली. तिनं पोरीचं तोंड हुंगलं. दुधाचा वास, आणि त्यामागं आणखी कसलातरी उग्र वास. पापणी वर करून बघितली. गोजाबाई चुलीपासून म्हणाली, "झोपलीया, उठवू नगंस."

"सारकी झोपतीया की ही."

"लहान पोरं झोपत्यातच."

त्या दिवसापासून म्हाळसाबाईचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. रिळावर हात चाले, मन घरात. सकाळी जाताना ती पोरीच्या कपाळाला तीट लावी आणि ती पुसली आहे का ते संध्याकाळी पाही. कधी डोकं दुखतं म्हणून लवकर येई, कधी दुपारच्या सुट्टीत धापा टाकत. दर वेळी पोर मऊ, शांत, जीभ बाहेर. थोरल्या लेकी ह्या वयात पालथ्या पडायच्या; ही मानही धरत नव्हती. अफूनं पोरं अशीच होतात, हातपाय लुळे पडतात, असं रिळखात्यातल्या बाया सांगत. आणि बाळंतपणाचा तो दिवस तिला राहून राहून आठवे. उजेडात काय बघत होती ही? आपली कूस रिकामी म्हणून भावजयीचं पोर बघवत नसेल का? गोजाबाईला एक मुलगा होऊन गेला होता एवढंच तिला ठाऊक होतं. त्यावर त्या घरात कुणी बोलत नसे.

मग तिच्या ध्यानात आलं की आताशा नणंदेच्या कमरेला दोन डब्या असतात.

मार्गशीर्षात एका दुपारी ती सुट्टीत आली ती मागच्या बोळातून. खिडकीच्या फटीतून आत पाहिलं. गोजाबाई मांडी घालून बसली होती. पोर मांडीवर. दुसरी डबी उघडी. तिनं बोट डबीत घातलं, पोरीचं तोंड उघडलं, आणि बोट आत घालून जिभेवर फिरवत राहिली. पोर मटामटा चाटत होती.

म्हाळसाबाई दारातून आत शिरली ती थेट डबीवर. "सापडलं! वन्सं, सापडलं! माज्या लेकराला ईख घालताय व्हय?"

गोजाबाईचं तोंड पांढरं पडलं. "काय बोलतीस त्ये कळतंय का तुला?"

"समदं कळतंय. पैल्या दिसापास्नं कळतंय. ह्यात काय हाय? सांगा की! अफू हाय का न्हाय?"

आरडाओरडा ऐकून अक्कम्मा दाराशी आली, आणखी दोघीतिघी आल्या. सगळ्यांसमोर म्हाळसाबाईनं अफूचं नाव पुन्हा घेतलं. गोजाबाईनं दाराकडं पाहिलं, मग भावजयीकडं. पोर तिच्या हातात दिली आणि शांतपणे म्हणाली, "तुला जे दिसलं त्ये खरं मान." एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आपलं घोंगडं खांद्यावर टाकलं आणि मंगळवेढ्याच्या वाटेला लागली. हुलजंतीच्या अलीकडच्या माळावर चुलतभाऊ सिदूच्या मेंढरांचा तळ होता, तिकडं.

धुळाप्पा उंबऱ्यावर बसून राहिला. म्हाळसाबाई म्हणाली, "तुमी कायच का बोलत न्हाय?"

"काय बोलू? आक्का माजी हाय, पोर बी माजी हाय. कुनाकडनं बोलू?"

म्हाळसाबाईनं गिरणीत जाणं बंद केलं आणि घरी राहिली. आता पोर रडेल, तळमळेल अशी तिची खात्री होती. अफू सुटली की पोरं दोनतीन दिवस घर डोक्यावर घेतात. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. मायाक्का तशीच. मऊ, शांत, जीभ बाहेर. उलट दूध पिईना. छातीशी धरली की दोन घोट ओढी आणि दमून सोडून देई. बोंडल्यानं पाजायला गेलं की दूध नाकातून बाहेर. गोजाबाई रोज वाटीभर कशी पाजत होती कोण जाणे. पंधरा दिवसांत पोरीच्या मांड्यांची कातडी सैल पडली.

म्हाळसाबाईचा संशय आता दोन्हीकडून टोचू लागला. डबीत अफू असेल तर पोर अजून अशी का? आणि नसेल तर होतं काय? शेवटी तिनं ठरवलं, दुसऱ्यावर विसंबायचं कशाला. एका दुपारी पोरीला वाकळेवर निजवलं, म्हणजे आपल्याला गुंगी आली तरी ती मांडीवरून पडायला नको. भिंतीला पाठ टेकून बसली. डबी उघडली आणि आतलं सगळं, बोटानं निपटून, चाटून खाल्लं.

चव गोड, मग कडवट, मग जीभ चुरचुरायला लागली. ती डोळे ताणून झोपेची वाट बघत बसली. झोप आली नाही. पोटात ढवळायला लागलं. घाम फुटला. ती मोरीकडं धावली आणि आतडी बाहेर येतील इतकी ओकली.

"ईखच हाय!" ती भिंतीला धरून म्हणाली. तिला एका बाजूनं बरंच वाटलं. आपण खोटे नव्हतो. पोर एका काखेत, रिकामी डबी मुठीत, ती तशीच दवाखान्यात गेली.

तिथले वेणीमाधव डॉक्टर पन्नाशीचे, शांत गृहस्थ. त्यांनी डबी हुंगली, बुडाला चिकटलेलं नखानं खरवडून जिभेला लावलं. "वेखंड आहे बाई. वेखंड आणि मध. पोरांची वाचा सुटावी म्हणून लावतात."

"मग मला वकारी का झाली?"

"किती खाल्लंत?"

"समदं."

डॉक्टर हसले. "एवढं वेखंड खाल्लं तर बैलसुद्धा ओकेल. बोटाला लागेल एवढंच द्यायचं असतं." मग त्यांचं लक्ष पोरीकडं गेलं आणि हसू विरलं. त्यांनी तिला उताणं निजवलं, डोळे पाहिले, मान पाहिली, छातीला नळी लावली. मग मूठ उघडून तळहात पाहिला. पाय पालथे करून बोटं पाहिली.

म्हाळसाबाई पुढं सरसावली. हेच, अगदी हेच तिनं पाहिलं होतं. "काय बगताय? समदी तिच्या हाताकडं का बगत्यात?"

"बसा," डॉक्टर म्हणाले. "हे मूल जन्मतःच असं आहे. इंग्रजीत अशा मुलांना एक नाव आहे, पण ते काही चांगलं नाव नाही, तुम्हाला सांगून उपयोग नाही. मान उशिरा धरेल. चालेल उशिरा, बोलेल उशिरा. इतर मुलांसारखी हुशार होणार नाही. छाती नाजूक आहे, थंडीला जपा. पण तिला कळेल. हसेल, रुसेल, माणसं ओळखेल."

"कुनी केलं ह्ये?"

"कुणी नाही. अफूनं नाही, करणीनं नाही, तुमच्या चुकीनं नाही. असं मूल कुणाच्याही घरी जन्मतं. साहेबाच्या घरी, माझ्या घरी. आईचं वय जास्त असलं की जरा अधिक दिसतं, एवढं मी पाहिलंय." ते थांबले. "हिला पाजतं कोण?"

"मीच की."

"आधी कोण पाजत होतं? ज्यानं हिला पाच महिने जगवलं त्या माणसाला विचारा कसं पाजायचं ते. मला तेवढं येत नाही."

घरी येताना म्हाळसाबाईच्या मनात आलं, गोजाबाईनं ह्या डॉक्टरला आधीच गाठलं असेल का? सवयीचा गुलाम माणूस! चार पावलं ती तसाच विचार करत चालली. मग रस्त्याच्या कडेला लिंबाखाली बसली, पोरीची मूठ उघडली आणि पहिल्यांदाच नीट पाहिलं. तळहातावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच आडवी रेघ होती. आपली पोर आपण पाच महिने हुंगली, चाचपली, तपासली, आणि तिचा हात काही पाहिला नाही.

दोन दिवसांनी ती निघाली. बेगमपूरपर्यंत मोटार, तिथून नावेनं भीमा ओलांडून पलीकडं, मग कुणाच्या गाडीतून, मग पायी. तळावर पोचली तेव्हा ऊन कलत होतं. गोजाबाई लोकर पिंजत बसली होती. तिनं मान वर करून पाहिलं. भावजयीकडं नाही, पोरीकडं.

"वाळली," ती म्हणाली आणि हात पुढं केले.

पोर हातात आल्यावर तिनं शेळीचं दूध मागवलं. पोरीला आडवी न घेता उभी बसवली, पाठीला स्वतःची छाती दिली. दोन बोटांनी हनुवटी खालून उचलून धरली आणि बोंडल्यानं थेंब थेंब सोडू लागली. घोट गिळला की थांबायचं, मग दुसरा. दूध नाकातून आलं नाही. म्हाळसाबाई समोर उकिडवी बसून त्या दोन बोटांकडं बघत राहिली. वाटी रिकामी व्हायला बराच वेळ लागला.

"डबीत वेखंड हुतं म्हनून सांगितलं का न्हाय वन्सं?"

"इचारलंस कुटं? तू निकाल दिलास."

"आन पैल्या दिशी? हात बगितला, पाय बगितलं, आन म्हनला कुटं काय. तवा का न्हाय सांगितलं?"

गोजाबाई पोरीची पाठ थोपटत होती. "माज्या बिराप्पाच्या हातावर बी अशीच रेघ हुती. एकच. पायाच्या अंगठ्याशेजारी अशीच फट. डोळं असंच. उजेडात बगितलं आन मला वाटलं, त्योच आलाय."

वीस वर्षं एका घरात काढली आणि हे म्हाळसाबाईला ठाऊक नव्हतं.

"माज्या सासूनं पैल्या घटकेला सांगितलं," गोजाबाई म्हणाली. "नाळ कापायच्या आदी. ह्ये काय खरं न्हाय, जीव लावू नगंस म्हनली. मी ऐकलं. म्हयनाभर त्याला नीट जवळ घेतलं न्हाय. मग एक दिवस त्यो माज्याकडं बगून हसला. तवा घेतलं. पर त्यो म्हयना गेला त्यो गेलाच की. तुजा जाऊ नये म्हनून मी दातावर दात ठिवून बसले. म्हनलं, हिला आपनहून कळंल तवर पोर तिच्या काळजात बसलेली असंल."

मग म्हाळसाबाईनं विचारलंच. तिला राहवलं नाही. "बिराप्पा कशानं गेला?"

गोजाबाई हसली. किती दिवसांनी हसली असेल! "ह्ये इचारशील म्हनून ठावं हुतं मला. तापानं गेला. चौथ्या वर्साला. सिदूला इचार, गावात कुनालाबी इचार."

"न्हाय इचारत," म्हाळसाबाई म्हणाली. माफी मागणं तिला जन्मात जमलं नव्हतं, तेव्हाही जमलं नाही. तिनं नणंदेचं घोंगडं उचलून घडी घातली आणि आपल्या खांद्यावर टाकलं. "चला घरी."

"एक हाय पन. तू घरी असशील तवा बोंडलं तू धरायचं. मी काय जल्माला पुरनार न्हाय."

वस्तीत परत आल्यावर म्हाळसाबाईनं अक्कम्माच्या दारात उभं राहून, चार बायांना ऐकू जाईल असं, "डबीत वेखंड हुतं," एवढं सांगितलं. अक्कम्मानं कानाला हात लावले. त्यांचं पुढं दोन महिने बोलणं नव्हतं, पण ते पाण्याच्या नंबरावरून.

मायाक्का वर्षाची झाली तेव्हा तिनं मान धरली, दोन वर्षांची झाली तेव्हा बसली, आणि सव्वातीन वर्षांची असताना भिंतीला धरून चालली. मग तीस सालच्या उन्हाळ्यात शहरात मार्शल लॉ लागला. रस्त्यावर पलटणी आल्या, गिरणीचा भोंगा काही दिवस वाजलाच नाही, आणि म्हाळसाबाई इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिवसचे दिवस घरात कोंडून राहिली. दाराला कडी, बाहेर बुटांचे आवाज. आत गोजाबाई पोरीला शिकवत होती. परातीत बाजरी आणि हुलगे एकत्र करायची आणि निवडायला लावायची. पोर दहा वेळा चुके, दहा वेळा गोजाबाई परात हलवून पुन्हा पुढं ठेवी. वेखंड जिभेला, मग "आ" म्हण, "बा" म्हण. रोज. तेच.

एका सकाळी मायाक्का परातीवरून मान वर करून स्पष्ट म्हणाली, "आत्ती."

गोजाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हाळसाबाई भाकरी थापत होती. आई नाही म्हणाली, आत्ती म्हणाली. "तुमीच त्यो शबुद शिकवला असंल," ती म्हणाली.

"न्हाय गं बाई. मी आईच शिकवत हुते. तिला नुसती 'ई' येत न्हाय, मदी 'त' घालती."

म्हाळसाबाईनं विश्वास ठेवला नाही. पुढं चार दिवस कान देऊन ऐकलं, तेव्हा कळलं की नणंद खरंच दिवसातून शंभर वेळा "आई म्हन, आई" असं घोकून घेत होती.

बत्तीस सालच्या संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत ती सगळी गेली होती. तिथं एक माणूस आणि एक बाई त्यांच्या मागं लागली. कपाळभर भंडारा, गळ्यात कवड्या. मायाक्काचा हात धरून तो माणूस म्हणाला, "ही रेघ बघा. देवीचं लेकरू आहे हे. देवीच्या ठाण्यात बसवलं पाहिजे. तुमच्या घरात हिचं तेज राहायचं नाही. आमच्याकडं द्या, लोक पाया पडतील हिच्या."

धुळाप्पा भाविक, त्यानं मान डोलावली. गोजाबाईनं तर हात जोडले. जी पोर जगानं टाकायची, तिच्या लोक पाया पडतील, हे ऐकून ती मऊ झाली. म्हाळसाबाईनं तेवढ्यात विचारलं, "कंचं ठानं?"

त्यानं एका गावाचं नाव घेतलं.

"तितं पुजारी कोन?"

"आहेत की, मोठे महाराज."

"नाव काय त्यांचं? घर कुटं? देवळाचं तोंड कुनीकडं?"

त्याचं एका प्रश्नाला उत्तर सरळ येईना. बाई हसून म्हणाली, "देवाच्या कामात असा संशय घेऊ नये आक्का. पोरीलाच बाधतो."

"बाधू दे मला," म्हाळसाबाई म्हणाली. "तुमी उतरला कुटं त्ये सांगा, उद्या येतो आमी." आणि त्यांच्या हातून पोरीचा हात सोडवून घेतला.

उद्यापर्यंत ती कुठली थांबते! पोरीला गोजाबाईकडं सोपवलं आणि भर उन्हात त्यांचं पाल शोधत निघाली. मैदानाच्या टोकाला, जनावरांच्या बाजारापलीकडं ते सापडलं. पालात ती दोघं नव्हती. आत एक पोरगी बसली होती, दहाएक वर्षांची. अंगाला हळद फासलेली, डोक्यावर पितळी मुकुट. डोळे बारीक, कोपऱ्याला चढलेले. जिभेचं टोक ओठाबाहेर. मायाक्कासारखं दुसरं मूल म्हाळसाबाईनं त्याआधी जन्मात पाहिलं नव्हतं. मग तिला पोरीचा पाय दिसला. घोट्याला दोरी, दोरी खुंटाला, आणि दोरीखाली कातडं सोललेलं. पोरगी तिच्याकडं बघून हसली.

म्हाळसाबाईनं बोंब मारली. जनावरवाले धावून आले. तो माणूसही आला, म्हणाला, आमचीच मुलगी आहे, पळून जाते म्हणून बांधतो. कुणी म्हणालं, खरं असेल. कुणी म्हणालं, देवाचं काम आहे. म्हाळसाबाई शिपाई आणायला धावली. गर्दीत शिपाई सापडून तो यायला घटकाभर गेली, आणि येऊन बघतात तो पाल रिकामं. खुंट तेवढा मातीत राहिला होता.

त्या पोरीचं पुढं काय झालं ते तिला कधीच कळलं नाही. दोरी सोडून तिला उचलूनच का आणली नाही, हे ती कितीदा तरी बोलून दाखवी. मिनिटभर आपण विश्वास ठेवला, शिपायावर, लोकांवर, तो नडला, असं म्हणे. त्या जत्रेनंतर तिनं मायाक्काला नात्यागोत्यात नेणंच बंद केलं. कुणी टक लावून पाहिलं की तिच्या कपाळाला आठी पडे.

छत्तीस सालच्या थंडीत गोजाबाई छातीच्या दुखण्यानं गेली. मायाक्का दहा वर्षांची होती. महिनाभर ती रोज परात घेऊन आत्तीच्या जागेवर बसे आणि समोर कुणी येत नाही म्हणून उठून दारापर्यंत जाई. म्हाळसाबाईनं गिरणी कायमची सोडली. धुळाप्पाच्या एकट्याच्या मजुरीवर घर चालू लागलं. तिनं परात समोर घेतली, बाजरी आणि हुलगे एकत्र केले आणि तिथं बसली. पहिल्या दिवशी मायाक्कानं तिला ढकललं. आठवड्यानं ढकललं नाही.

पुढं अक्कम्मानं पोरीला रहाटावर सूत गुंडाळून कांड्या भरायला बसवलं. तेच काम पुन्हा पुन्हा करायचं, ते तिला छान जमलं. मायाक्का काम करायची तोवर म्हाळसाबाई त्या दारात ठाण मांडून असायची. "तुझं पोरगी मी खात नाही गं," अक्कम्मा म्हणे. "त्ये मी बगते," हिचं उत्तर.

अडतीस साली बार्शीच्या थोरल्या लेकीकडं नातवाचं लग्न निघालं. लेकीनं निरोप पाठवला, मायाक्काला आणल्याशिवाय येऊ नका. म्हाळसाबाईला त्यातही काहीतरी दिसलं, पण धुळाप्पा पहिल्यांदाच आवाज चढवून म्हणाला, "तिची बहीन-भाचरं कोन त्ये तिला कळू दे की गं!" म्हणून नेली. अक्कम्माच्या मागावरचं हिरवं छोटं लुगडं नेसवून नेली.

मांडवात म्हाळसाबाई खांबाला टेकून बसली आणि तिनं सगळ्या वऱ्हाडावर नजर ठेवली. कोण कुजबुजतं, कोण बोट दाखवतं. हलगी वाजायला लागली तशी मायाक्का तिच्या हातातून सुटली आणि मधोमध जाऊन नाचायला लागली. दोन्ही हात वर, डोळे मिटलेले, ठेका बरोबर. कुणीतरी मोठ्यानं हसलं. म्हाळसाबाई ताडकन उठली, हसणाऱ्याच्या अंगावर जायला म्हणून चार पावलं गेलीसुद्धा. हसणारी नवरीची आजी होती. वाकलेली, बोळकं तोंड. ती काठी टाकून पुढं आली, मायाक्काचे दोन्ही हात धरले आणि तिच्याबरोबर गुडघे वाकवून नाचायला लागली.

म्हाळसाबाई थांबली. मागं फिरून आपल्या जागेवर जाऊन बसली. पण हलगी थांबेपर्यंत तिनं त्या म्हातारीवरची नजर काही काढली नाही.